पिचपासून शेवटच्या ड्राफ्टपर्यंत: मालिकेची पटकथा कशी मांडायची आणि पुन्हा कशी लिहायची

"पहिला भाग आवडला. चाळिसाव्या भागात काय चाललेलं असेल?"

सुरुवातीच्या काळातल्या एका बैठकीत मला हा प्रश्न विचारला गेला. तेव्हा माझ्याजवळ पहिल्या भागाची २४ पानं होती आणि शेवटच्या भागातला शेवटचा प्रसंगही ठरलेला होता. मधलं काहीच नव्हतं. मी सांगत राहिले, आणि सांगता सांगताच लक्षात आलं की मालिका म्हणून मी सिनेमाची गोष्ट घेऊन आले आहे. सिनेमाची गोष्ट पहिल्या मिनिटापासून शेवटाकडे निघालेली असते. मालिकेच्या गोष्टीला मात्र प्रत्येक भागात नव्याने पेट घेता आला पाहिजे. हे ज्याच्या जोरावर होतं त्याला लेखक मंडळी 'इंजिन' म्हणतात. पिच करताना, म्हणजे वाहिनी किंवा निर्मात्यासमोर कल्पना मांडताना, हे इंजिन समोरच्याला दाखवायचं असतं. पुनर्लेखन करताना वाहिनी, निर्माता, दिग्दर्शक, कलाकार असे दहा जणांचे हात पटकथेला लागतात, आणि तरीही ते चालू ठेवायचं असतं. म्हणून या दोन्ही गोष्टी मी एकत्रच सांगणार आहे.

आधी इंजिन, मग गोष्ट

एक कल्पना घेऊ आणि ती शेवटपर्यंत सोबत ठेवू. सुमन आपत्कालीन मदतकेंद्रात रात्रपाळीला फोन घेते. एका रात्री अपघाताची खबर देणारा निनावी फोन येतो. पत्ता सांगून माणूस फोन ठेवून देतो. आवाज तिच्या मुलाचा, निखिलचा असतो, आणि अपघात त्याच्याच गाडीने झालेला असतो.

एवढ्यावर दीड तासाचा सिनेमा होईल. मालिकेसाठी विचारायचं ते असं: या परिस्थितीतलं काय रोज पुन्हा घडू शकतं? सुमनच्या नोकरीत दोन गोष्टी आयत्या मिळतात. केंद्रात प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो, त्यामुळे निखिलचा आवाज कुठेतरी साठवलेला आहे आणि तो कोणीही, कधीही ऐकू शकतो. शिवाय दर रात्री एक नवा अनोळखी माणूस मदत मागायला फोन करणारच आहे. म्हणजे प्रत्येक भागाचा प्रश्न तयार झाला: आज सुमन कोणाला वाचवते आणि त्यासाठी काय लपवते?

आता परीक्षा. एका बैठकीत दहा भागांच्या कल्पना एकेका ओळीत लिहून काढा. घरात कोंडलेलं मूल फोन करतं आणि त्याला धीर देण्यासाठी सुमनला खोटं बोलावं लागतं. प्रशिक्षणासाठी जुनी रेकॉर्डिंग ऐकणारी नवी पर्यवेक्षक येते. जखमी माणसाची बायको केंद्राला फोन करते: "त्या रात्री फोन घेणाऱ्या बाईंचे आभार मानायचेत." ही शेवटची ओळ सुचली तेव्हा ही मालिका चालेल अशी माझी खात्री झाली, कारण त्या एका फोनमध्ये सुमनची नोकरी, तिचा गुन्हा आणि तिचा चांगुलपणा एकाच जागी येऊन भिडतात. सहावी ओळ दुसरीसारखी वाटायला लागली तर थांबा. इंजिनात दम नाही असा त्याचा अर्थ. ते घरीच कळलेलं बरं.

याच टप्प्यावर स्वरूपही ठरवा. रोजच्या मालिकेला माणसं जास्त लागतात आणि त्यांच्या इच्छा एकमेकींना आडव्या जाव्या लागतात, कारण शंभर भागांचं वजन एका रहस्याला पेलत नाही. आठवड्याच्या मालिकेत दर भागाला एक नवं प्रकरण आणि मागे सावकाश सरकणारा मुख्य ट्रॅक, म्हणजे सगळ्या भागांतून चालणारी गोष्ट, अशी रचना बसते. आठ-दहा भागांच्या मर्यादित मालिकेत रहस्य उघडतं आणि मिटतं. सुमनची गोष्ट मी दुसऱ्या प्रकारात बसवेन. "कुठेही बसेल" असं पिचमध्ये सांगू नका. ऐकणाऱ्याला ते न ठरवल्यासारखं वाटतं, आणि बहुतेक वेळा खरंच ठरवलेलं नसतं.

चार कागद

पहिला कागद लॉगलाइनचा. दोन वाक्यं, फार तर तीन. त्यात माणूस कोण, त्याला काय हवंय, काय आडवं येतंय आणि हरला तर काय जाईल, एवढं यावं. "एका आईच्या मनातल्या द्वंद्वाची हृदयस्पर्शी कहाणी" ही लॉगलाइन नाही, ती जाहिरात झाली. हे वाचून बघा:

"आपत्कालीन मदतकेंद्रात रात्रपाळी करणाऱ्या सुमनला अपघाताची खबर देणाऱ्या निनावी फोनवर स्वतःच्या मुलाचा आवाज ऐकू येतो. ती गप्प राहते. पण कॉल रेकॉर्ड झालेला आहे, आणि त्या रात्रीनंतर प्रत्येक फोन तिला दुसऱ्याचा जीव आणि आपलं गुपित यांतून एक निवडायला लावतो."

शेवटच्या वाक्यातला "प्रत्येक फोन" हा शब्दप्रयोग मुद्दाम आहे. मालिका त्या दोन शब्दांत आहे.

दुसरा कागद कॉन्सेप्ट नोट, दोन-तीन पानांची. जग, मुख्य चार-पाच पात्रं, पहिल्या भागाचा सारांश, पुढच्या ट्रॅकची दिशा आणि कथेचा पोत. पहिल्या बैठकीनंतर बहुधा हीच नोट मागतात आणि हीच पुढे वरिष्ठांकडे जाते. म्हणजे तिथे बोलायला तुम्ही नसाल. तुमच्या गैरहजेरीत तिने स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं.

तिसरा कागद बायबल, म्हणजे मालिकेतली पात्रं आणि पुढचे भाग यांची सविस्तर नोंद. पात्रांचा इतिहास जन्मापासून लिहिण्याची चूक इथे सगळेच करतात, मीही करायचे. कलाकाराला आणि पुढे तुमच्यासोबत लिहिणाऱ्या संवादलेखकाला त्यातलं फार थोडं उपयोगी पडतं. त्यापेक्षा हे लिहा: या माणसाला कोणाकडून काय हवंय, तो काय लपवतो, अडचणीत आला की काय करतो, बोलतो कसा. "सुमन घाबरली की तिचा आवाज अधिक शांत होतो, कारण नोकरीने तिला तेच शिकवलंय." या एका ओळीतून संवाद सुचतात आणि अभिनयही. "सुमन प्रेमळ आणि कर्तव्यदक्ष आहे" या ओळीतून काहीच सुचत नाही. बायबलमध्ये पहिल्या दहा-बारा भागांचे छोटे सारांश आणि पूर्ण सीझनचा प्रवासही हवा.

चौथा कागद म्हणजे पायलटची, म्हणजे नमुन्याच्या पहिल्या भागाची, पटकथा. जाहिराती असलेल्या वाहिनीवर अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये प्रत्यक्ष कार्यक्रम साधारण २१ ते २३ मिनिटांचा असतो आणि एक तासाच्या स्लॉटमध्ये ४२ ते ४४ मिनिटांचा. ब्रेकच्या आधी प्रेक्षकाला परत यावंसं वाटेल असा क्षण लागतो, म्हणून सीन लिहायच्या आधी ब्रेक कुठे पडणार ते ठरवा. "एक पान म्हणजे एक मिनिट" हा ठोकताळा कुरिअर फॉन्ट, १२ पॉइंट आणि ठराविक समास असलेल्या इंग्रजी पटकथेवरून आलेला आहे. तिथेही मल्टिकॅमेरा (एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित होणाऱ्या) विनोदी मालिकेच्या पानांना तो लागू पडत नाही, कारण त्यात संवाद दुप्पट अंतर सोडून टाइप करतात. देवनागरीत तर पानांवर विसंबूच नका. घड्याळ लावून पूर्ण भाग मोठ्याने वाचा, हालचालींसाठी थांबा, आणि जी वेळ येईल ती खरी माना. फाइल युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ करूनच पाठवा. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांत उघडते आणि ती कोणी दुसऱ्यांदा उघडत नाही.

पाठवण्यापूर्वी

कल्पना चोरीला जाईल ही भीती खरी आहे, पण कायदा काय सांगतो ते नीट समजून घ्या. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातल्या ९ व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की कॉपीराइटचं संरक्षण अभिव्यक्तीला मिळतं, कल्पनेला नाही. "मदतकेंद्रात काम करणारी आई" ही कल्पना कोणाचीच नाही. तुम्ही लिहिलेली पात्रं, प्रसंग, संवाद यांनी भरलेली पटकथा तुमची आहे. म्हणून जितकं सविस्तर लिहाल तितकं तुमचं पारडं जड. पाठवण्याआधी लेखक संघटनेकडे नोंदणी करा, कोणाला कुठला ड्राफ्ट कोणत्या तारखेला दिला याची वही ठेवा, आणि प्रत्येक बैठकीनंतर त्याच दिवशी एक साधा ईमेल पाठवा: "आज आपण अमुक कल्पनेवर बोललो, सोबत कॉन्सेप्ट नोट जोडली आहे." काही संस्था न मागवलेली पटकथा वाचण्याआधी रिलीज फॉर्मवर (पुढे दावा करणार नाही अशा कबुलीवर) सही घेतात. तो वाचून मगच सही करा.

पिच: पंधरा-वीस मिनिटं

कागद वाचून दाखवू नका. नॅरेशन पाठ करून घडाघडा म्हणू नका, आणि अगदी ऐनवेळी सुचेल तसंही बोलू नका. मी करते ते असं: पहिली दोन मिनिटं आणि शेवटचं एक मिनिट शब्दशः तयार ठेवते, मधले फक्त टप्पे लक्षात ठेवते. मधे समोरचे प्रश्न विचारतात, आणि विचारावेत असंच आपल्याला हवं असतं.

सुरुवात पात्रापासून आणि एका प्रसंगापासून करा. "ही मालिका आजच्या समाजातल्या" असं सुरू झालं की ऐकणारा मनातल्या मनात घड्याळाकडे बघतो. त्याऐवजी असं: "पहाटे पावणेतीन वाजले आहेत. सुमनचा हा त्या रात्रीचा अठ्ठावीसावा फोन. पलीकडून एक मुलगा सांगतो, 'एक माणूस पडलाय, लवकर या.' सुमन नेहमीच्या शांत आवाजात पत्ता विचारते. तो सांगतो. टाइप करता करता तिची बोटं थांबतात." आणि इथे तुम्हीही थांबा. पुढे काय ते समोरच्याला विचारू द्या.

त्यानंतर क्रमाने जा: सुमन कोण, घरात आणि केंद्रात कोण कोण, पहिल्या भागाचा शेवट, आणि मग एक साधा भाग. शेवटची गोष्ट नवे लेखक विसरतात. पहिला भाग असाधारण असतो, त्यात सगळं घडतं. वाहिनीला सातवा भाग कसा असेल ते कळायला हवं. एका साध्या भागाची गोष्ट दीड मिनिटात सांगा: रात्रीचा फोन, घरची अडचण, दोन्ही एकमेकांत कसे गुंततात, भागाच्या शेवटी पुढच्या भागाची ओढ लावणारा कुठला हुक राहतो.

तुलना करायची तर ती इंजिनाची करा. १९६४ साली जीन रॉडेनबेरी यांनी 'स्टार ट्रेक'ची कल्पना मांडताना तिला ताऱ्यांकडे निघालेली 'वॅगन ट्रेन' म्हटलं होतं. 'वॅगन ट्रेन' ही त्या काळात गाजत असलेली वेस्टर्न मालिका होती: प्रवास सुरू राहतो, कायमची माणसं तीच, आणि दर भागात नवे प्रवासी, नवी गोष्ट. अंतराळातली मालिका दर आठवड्याला कशी चालेल या प्रश्नाचं उत्तर त्या तुलनेतच होतं. "अमुक मालिकेसारखीच गाजेल" ही तुलना नव्हे, ते नुसतं आश्वासन असतं.

प्रश्नांना घाबरू नका, पण तीन उत्तरं घरूनच घेऊन जा. चाळिसाव्या भागात काय? हे आत्ताच का सांगायचंय? आणि हे तुम्हीच का सांगायचंय? तिसऱ्याचं उत्तर खरं द्या. माझ्या घरातलं कोणी रात्रपाळी करत असेल आणि सकाळी सात वाजता दाराची कडी हळू लावण्याचा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला असेल, तर ते सांगण्यासारखं आहे. एखादं उत्तर ठाऊक नसेल तर "याचा विचार करून दोन दिवसांत कळवते" म्हणा आणि दोन दिवसांत खरंच कळवा.

नकार आला तर कारण विचारा. "सध्या अशा प्रकारची मालिका आमच्याकडे चालू आहे" हा नकार कल्पनेला नसतो. "नायिका समजली नाही" हे मात्र तिसऱ्या माणसाकडून ऐकलं की पुढची बैठक रद्द करा आणि कॉन्सेप्ट नोट नव्याने लिहा.

होकारानंतर, पुनर्लेखनाच्या आधी

करार. कामाचे टप्पे त्यात लिहिलेले असावेत: कथाविस्तार, पहिला ड्राफ्ट, दुसरा ड्राफ्ट, पॉलिश. प्रत्येक टप्प्याचं मानधन वेगळं, आणि किती ड्राफ्ट हेही आकड्यात. "समाधान होईपर्यंत बदल करून देणे" असं वाक्य असेल तर ते काढायला सांगा, समाधानाला तारीख नसते. ऑप्शन (ठराविक मुदतीपुरता कथा राखून ठेवण्याचा हक्क) दिला असेल तर त्याची मुदत, बहुधा बारा ते अठरा महिने, आणि मुदत संपल्यावर हक्क तुमच्याकडे परत येतील हे कलम तपासा. श्रेयनाम कसं येणार तेही आत्ताच ठरवा.

नोट्स घेण्याची रीत

पहिल्या ड्राफ्टवर नोट्स, म्हणजे वाहिनीच्या आणि निर्मात्याच्या सूचना, येतात तेव्हा पोटात गोळा येतो. इतकी वर्षं लिहूनही तो येतोच. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: बैठकीत फक्त लिहून घ्यायचं आणि समजलं नाही तेवढंच विचारायचं. बचाव करायचा नाही. नोट सांगणाऱ्याच्याच शब्दांत उतरवा, कारण घरी आल्यावर आपण आपल्या सोयीने तिचा अर्थ बदलतो. एक रात्र जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात नोट, जशीच्या तशी. दुसऱ्यात, वाचणारा नेमका कुठे अडखळला असेल ते पान आणि ती ओळ. तिसऱ्यात तुमचा उपाय. सगळा कस लागतो तो दुसऱ्या रकान्यात. नोट देणारा त्याला बोचलेलं सांगतो आणि सोबत उपायही सुचवतो. बोचणं जवळजवळ नेहमी खरं असतं. उपाय त्याने दोन मिनिटांत सुचवलेला असतो, तुमच्याकडे दोन आठवडे आहेत.

दोन नोट्स परस्परविरोधी असतील तर दोन्ही सांभाळणारा मधला मार्ग काढत बसू नका. त्यातून कोणालाच न आवडणारा सीन तयार होतो. शेवटचा शब्द कोणाचा हे विचारून घ्या आणि त्या व्यक्तीला दोन्ही नोट्स एकाच ईमेलमध्ये समोर ठेवा. लिहायला बसण्याआधी एका पानाचा आराखडा पाठवा: काय बदलणार, काय बदलणार नाही आणि का. या एका पानाने माझे कित्येक ड्राफ्ट वाचले आहेत.

'स्टार ट्रेक'चंच पुढचं सांगते. एनबीसी या अमेरिकी वाहिनीने पहिला पायलट नाकारला, तो फार बौद्धिक वाटतो म्हणून, पण दुसरा पायलट बनवायला सांगितलं. तेव्हाच्या टेलिव्हिजनमध्ये हे क्वचितच घडायचं. दुसऱ्या पायलटमध्ये कॅप्टन बदलला, जहाजावरची दुसऱ्या क्रमांकाची स्त्री अधिकारी गेली, कृती वाढली. टोकदार कानांचा स्पॉकही वाहिनीला नको होता, पण रॉडेनबेरींनी तो सोडला नाही. मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. बाकी बरंच सोडून एक गोष्ट धरून ठेवायची तर ती कुठली, हे नोट्स येण्याआधीच लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. मी इंजिनाचं ते एक वाक्य कागदावर लिहून लिहिण्याच्या टेबलासमोर चिकटवते.

एक सीन, तीनदा

सुमनच्या पायलटमधला अपघातानंतरच्या सकाळचा सीन बघू. मूळ ड्राफ्टमध्ये ती घरी येते, झोपलेल्या निखिलच्या खोलीचं दार उघडते, बघते, दार लावते. नोट आली: "सुमन थंड वाटते. तिने त्याच सकाळी मुलाला जाब विचारला पाहिजे."

सुचवल्याप्रमाणे लिहिलं तर असं होतं:

सुमन: निखिल, काल रात्रीचा तो फोन तूच केला होतास ना?
निखिल: (दचकून) कुठला फोन?
सुमन: आई आहे मी तुझी. तुझा आवाज ओळखणार नाही का?
निखिल: (रडत) मी घाबरलो गं आई. तो माणूस एकदम समोर आला...
सुमन: तुला कळतंय का, तू तुरुंगात जाशील, माझी नोकरी जाईल!

वाचायला बरं वाटतं. कलाकारालाही आवडेल. पण टेबलासमोरचं वाक्य वाचलं आणि पोटात खड्डा पडला. सुमनने काय लपवायचं हा आपल्या मालिकेचा प्रश्न, आणि घरातलं लपवणं पहिल्याच भागात संपलं. दुसऱ्या भागापासून आई आणि मुलगा एकाच बाजूला. शिवाय दोघंही मनातलं सगळं बोलून मोकळे झाले, प्रेक्षकाने ओळखायचं काही उरलंच नाही.

मग दुसरा रकाना. वाचणारा कुठे अडखळला? दाराशी. तिथे सुमनच्या आत काय होतंय ते दिसत नाही. जाब विचारला नाही ही अडचण नव्हती, कळण्याचा क्षणच पडद्यावर नव्हता. शिवाय दुसरी एक नोट होती: "रस्त्यावरच्या गोंगाटात आवाज इतका पक्का कसा ओळखला?" दोन्हींना एकच उत्तर सापडलं. फोनच्या सीनमध्ये सुमनला फक्त शंका येऊ दिली आणि निखिलच्या तोंडी पत्ता सांगताना एक लकब घातली: "वळणाच्या अलीकडे, डाव्या हाताला." मग सकाळ:

(सुमन बेसिनपाशी चूळ भरतेय. नळ सुरू. टेबलावर तिचा फोन वाजतो.)
सुमन: बघ रे कोण आहे.
निखिल: (फोन घेऊन) हॅलो... हो, पार्सल इथलंच. या ना.
सुमन: पत्ता नीट सांग त्याला.
निखिल: मोठ्या रस्त्याने सरळ या. वळणाच्या अलीकडे, डाव्या हाताला.
(सुमन नळ बंद करते.)
निखिल: (फोनवर) पुढे नाही हो, अलीकडे. डाव्या हाताला.
(सुमन आरशात बघतेय. निखिल फोन ठेवतो.)
निखिल: दहा मिनिटांत येतोय म्हणाला.
सुमन: झोप झाली?
निखिल: झाली की.
(सुमन पुन्हा नळ सुरू करते.)

आता सुमनला कळलंय, तिला कळल्याचं निखिलला कळलेलं नाही, आणि प्रेक्षकाला दोन्ही माहीत आहे. ती थंड वाटत नाही. लपवणं तसंच शिल्लक राहिलं आणि पुढच्या दहा भागांना पुरेल इतकं वाढलं. नोट देणाऱ्याने सुचवलेला सीन नाही, पण त्याचं बोचणं गेलं. आराखड्यात मी नेमकं हेच लिहिलं असतं.

कोणत्या क्रमाने पुन्हा लिहायचं

संवादांपासून सुरुवात करण्याचा मोह होतो, कारण ते सोपं वाटतं. ते शेवटी करा. जो सीन उद्या काढून टाकायचाय त्याचे संवाद आज घासण्यात दिवस जातो आणि मग तो सीन काढवत नाही.

पहिल्या फेरीत फक्त रचना. प्रत्येक सीन एका कार्डावर, एका ओळीत: कोणाला काय हवं होतं आणि सीन संपताना काय बदललं. काहीच बदललं नसेल तर ते कार्ड उलटं करून ठेवा. अशी तीन-चार निघतातच. कार्डं लावताना "आणि मग" ऐवजी "म्हणून" किंवा "पण" ने जोडता येतात का ते बघा. दुसऱ्या फेरीत एकेक पात्र धरून पूर्ण पटकथा वाचा. निखिलचे सगळे सीन सलग वाचले तर लगेच दिसतं की मधल्या भागात तो फक्त आईच्या प्रश्नांना उत्तरं देतोय, त्याला स्वतःचं काहीच नकोय. तिसऱ्या फेरीत सीनची सुरुवात आणि शेवट कापा. "ये, बस", "कसा आहेस" या ओळी बहुधा जातात. मग संवाद, आणि तेही मोठ्याने, शक्य असल्यास दुसऱ्याला वाचायला देऊन. वाचणारा जिथे शब्द बदलून बोलतो तिथे बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं. अगदी शेवटी लांबी.

प्रत्येक फेरीची फाइल वेगळ्या नावाने, तारीख घालून जपा.

शूटिंग सुरू झाल्यावर

इथून कारणं बदलतात. कलाकाराच्या तारखा नाहीत, लोकेशन गेलं, रात्रीचा सीन दिवसा करायचाय. अशा वेळी सीनचं काम काय होतं ते आधी ठरवा आणि तेवढंच वाचवा. पार्सलवाल्याचा फोन घराबाहेर, जिन्यावरही येऊ शकतो. पाणी बंद करण्याची ती कृती मात्र दुसऱ्या कशाने तरी भरून काढावी लागेल.

अनेक ठिकाणी पटकथा 'लॉक', म्हणजे चित्रीकरणासाठी पक्की, झाल्यावर पानांचे आणि सीनचे क्रमांक बदलत नाहीत. २३ नंतर नवं पान आलं तर ते २३ ए होतं, काढलेल्या सीनचा क्रमांक तसाच ठेवून पुढे 'वगळला' असं लिहितात आणि बदललेल्या ओळीपुढे समासात तारा काढतात. हॉलिवूडच्या प्रथेत बदलाची प्रत्येक फेरी वेगळ्या रंगाच्या कागदावर छापतात: पांढऱ्यानंतर निळा, मग गुलाबी, पिवळा, हिरवा. रंग वापरा किंवा वापरू नका, सेटवर प्रत्येकाच्या हातात एकच आवृत्ती आहे याची खात्री करा.

मालिका प्रसारित होऊ लागल्यावरही लिहिणं बदलतं. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली तेव्हा सुरुवातीच्या १३ भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश थेट होता आणि प्रेक्षकांना तो रुचला नाही. मनोहर श्याम जोशींच्या लेखनात मग उपदेश मागे सरला आणि घरातल्या माणसांची सुखदुःखं पुढे आली. मालिका दीडशेहून अधिक भाग चालली. कुटुंब तेच राहिलं, सांगण्याची रीत बदलली. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियाही त्या तीन रकान्यांतच घाला, वेगळी वही लागत नाही.

आणि कापलेल्या सीनसाठी एक फोल्डर ठेवा. 'स्टार ट्रेक'च्या नाकारलेल्या पहिल्या पायलटचं चित्रीकरण पुढे पहिल्याच सीझनमध्ये 'द मेनाजरी' या दोन भागांच्या कथेत वापरलं गेलं. सुमनच्या पायलटमध्ये जखमी माणसाच्या बायकोचा आभाराचा फोन मी आधी शेवटच्या सीनमध्ये ठेवला होता. रचनेच्या फेरीत तो काढावा लागला, कारण त्या रात्रीनंतर इतक्या लवकर तो आला तर सुमन कोसळली असती. तो आता नवव्या भागात आहे. तोवर सुमन त्या बाईला आवाजावरून ओळखायला लागलेली असते.